एफईला (इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला) नवीन आहात? तिथे हाताने काय काय शिकून घ्यायचं

कॅप राउंडची (प्रवेशाच्या फेऱ्यांची) धाकधूक संपली, फी भरून झाली, घरचे सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगतायत की आमचा मुलगा इंजिनीअरिंगला लागला, आणि तुम्ही मात्र कॉलेजच्या गेटवर उभे, की आता नक्की करायचं काय. दरवर्षी या दिवसांत ओळखीतल्या कुणाच्या ना कुणाच्या पोराचा मला फोन येतोच. "दादा, कोडिंगचा क्लास लावू का? कुठलं सर्टिफिकेट करू?" या वेळी मावसबहिणीने तासभर डोकं खाल्लं तेव्हा ठरवलं, एकदाच सगळं लिहून टाकू, पुढच्या वर्षीपासून नुसतं पाठवून द्यायचं.

मी बदलापूरचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मुंबईतल्या एका कॉलेजातून ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) केलं आणि आता ऑटोमेशनमध्ये आहे, म्हणजे पॅनल, सेन्सर, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) असलं काम. आमच्याकडे नवीन फ्रेशर आले की त्यांना शिकवायचं काम माझ्याच गळ्यात येतं. पॉइंटर (मार्कांची सरासरी) सगळ्यांचा चांगला असतो हो, पण सर्किट चाललं नाही की हात वर, "सर, होत नाहीये." कुठे अडलंय ते शोधायचं कसं हेच कळत नाही, कारण चार वर्षं कुणाचं तरी चाललेलं उतरवून काढलं, स्वतःचं काही बिघडूच दिलं नाही. ही सवय लागते ती एफईच्या पहिल्या सबमिशनला. तेव्हा खाली जे काही लिहिलंय ते त्याच हिशोबाने लिहिलंय.

सगळ्यात आधी कागदं आणि पास

हे बोअरिंग आहे पण पहिल्या आठवड्यातच उरका. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, बारावीची मार्कशीट, ज्यांना लागू असेल त्यांनी कास्ट व्हॅलिडिटी आणि नॉन क्रीमी लेयर, सगळं नीट स्कॅन करून एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये टाका आणि फाइलला सरळ नाव द्या, 'स्कॅन००३७' असलं नको. महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना शेवटच्या दिवशी साइट रडते हे दरवर्षीचं आहे, तेव्हा लवकर भरा.

रेल्वेच्या पाससाठी कॉलेजच्या ऑफिसमधून कन्सेशनचा फॉर्म मिळतो, तो घेऊन तिकीट खिडकीवर जायचं. फॉर्मची मुदत थोड्याच दिवसांची असते, खिशात ठेवून विसरलात तर परत ऑफिसची रांग. तीन महिन्यांचा काढा, तीन वेळा महिन्याचा काढण्यापेक्षा स्वस्त पडतो.

ड्रॉइंगची शीट स्वतः काढा, प्लीज

ड्राफ्टर (रेघा मारायचं साधन) आणि शीटचा कंटेनर घेऊन सकाळच्या कल्याण-सीएसएमटी फास्टमध्ये चढणं हे स्वतःच एक स्किल आहे, कंटेनर आडवा धरलात तर कुणाच्या तरी बरगडीत जाणार आणि शिव्या तुम्हाला बसणार. उभा धरायचा, छातीशी, जमलं तर रॅकवर पास करायचा आणि उतरताना विसरायचा नाही. माझा एक कंटेनर तसाच सीएसएमटीला गेला, आत चार शीट होत्या.

त्या चार शीट परत काढायच्या होत्या तेव्हा मी पहिल्यांदा जीटी मारली. म्हणजे काचेखाली बल्ब, वर मित्राची शीट, त्याच्यावर आपला कोरा कागद, की चालू. दोन तासांत चार शीट. मजा वाटली, आणि पेपरात आयसोमेट्रिकचा (वस्तूच्या तीन बाजू एकत्र दाखवणाऱ्या चित्राचा) प्रश्न आला तेव्हा मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो, कारण हाताने रेघ मारली होती, डोक्याने ऑब्जेक्ट फिरवलाच नव्हता.

तर यावर उपाय सांगतो. कपड्याच्या साबणाची एक वडी घ्या आणि पुस्तकातल्या आकृतीसारखा ब्लॉक सुरीने कापा, खाच पाडा, उतार द्या. मग तो ब्लॉक टेबलावर ठेवून समोरून बघा, वरून बघा, बाजूने बघा आणि तेच कागदावर काढा. आपल्याकडे फर्स्ट अँगल वापरतात, त्यात ऑब्जेक्ट हा बघणारा आणि पडदा यांच्या मध्ये असतो, म्हणून वरून दिसणारं चित्र फ्रंट व्ह्यूच्या खाली येतं, आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे. हे पाठ करायला गेलात तर परीक्षेत उलटं होणारच. साबण हातात असेल तर उलटं होत नाही. अमेरिकेतली ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतात, तिथे टॉप व्ह्यू वरच असतो, नोकरीत दोन्ही प्रकारची ड्रॉइंग समोर येतात आणि कोपऱ्यातलं छोटं चिन्ह न बघता पार्ट बनवला की तो आरशातला पार्ट बनतो. असं झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

पेन्सिल दोनच पुरे, कच्च्या रेघांना २एच आणि पक्क्यांना एचबी. कॅडचं सॉफ्टवेअर नंतर शिकाच, फ्रीकॅड फुकट आहे, ऑटोकॅडचं विद्यार्थ्यांसाठीचं व्हर्जन फुकट मिळतं, पण साबणाची पायरी गाळू नका.

वर्कशॉप

बरीच मुलं वर्कशॉपला शिक्षा समजतात. फिटिंगचा जॉब (लोखंडाचा तुकडा मापात आणायचं काम), कानस घासून घासून हाताला फोड, कुणीतरी सीनियरचा जुना जॉब विकत घेतो, पॉलिश पेपर मारतो आणि सबमिट. विकत घेणाऱ्यांना सगळे ओळखतात हं, इन्स्ट्रक्टर तर नक्कीच. हे लोक आयुष्यभर मशीनवर काम करून आलेले असतात, त्यांना "सर, कानस पुढे जातानाच का दाबायची, मागे येताना का नाही?" एवढं विचारून बघा, अर्धा तास प्रेमाने शिकवतील. (दात पुढच्या बाजूलाच कापतात, मागे येताना दाबलं तर दात बोथट होतात, म्हणून.)

एक गोष्ट मात्र पक्की शिकून बाहेर पडा, व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे जबड्यात धरून बारीक माप घ्यायचं साधन. लॅबमधला बहुतेक ०.०२ मिमीपर्यंत मोजतो. मोजण्याआधी जबडा बंद करून शून्य शून्यावर येतंय का ते बघायचं, नसेल येत तर झिरो एरर लिहून ठेवायची आणि शेवटी वजा-अधिक करायची. घरी एक खेळ करा, एकच गोल रॉड चौघांनी वेगवेगळा मोजायचा आणि आकडे एकमेकांना दाखवायचे नाहीत. चार वेगळे आकडे येतील. मग भांडा, का आले ते शोधा, कोणी तिरपं धरलं, कोणी जास्त दाबलं. मापन म्हणजे काय ते त्या भांडणात कळतं.

बूट घालून जा, केस लांब असतील तर बांधा, अंगठी काढा, आणि लोखंडाचा कीस तोंडाने फुंकायचा नाही, डोळ्यात जातो, ब्रश वापरा.

लॅमिंग्टन रोडची पहिली फेरी

ब्रँच कुठलीही असो, सिव्हिल असो की केमिकल, पहिल्या सेममध्ये एकदा ग्रँट रोडला उतराच. सेंट्रलवाल्यांनो, दादरला बदला आणि स्लो पकडा, फास्ट तिथे थांबत नाही. पूर्वेला बाहेर पडून चालत गेलं की लॅमिंग्टन रोड, पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग असेल, पण ते नाव विचारलंत तर कुणीच सांगू शकणार नाही. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

यादी कागदावर लिहून न्या. एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायचा भोकांचा बोर्ड), जंपर वायर, २२० ओहम आणि १ के (म्हणजे हजार ओहम) आणि १० के चे दहा-दहा रेझिस्टर (करंट अडवणारे पार्ट), लाल एलईडी दहा, बीसी५४७ ट्रान्झिस्टर (बारीक करंटने चालू होणारा स्विच) पाच, छोटा बझर, ९ व्होल्टची बॅटरी क्लिपसकट, आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. काउंटरवर गर्दी असते, दुकानदाराला वेळ नसतो, तो फटकन विचारेल "क्वार्टर वॉट का चाहिए ना?" तेव्हा गोंधळू नका, हो म्हणा, आपल्या कामाला पाव वॉटचेच लागतात. पहिल्या वेळी मी "रेझिस्टर द्या" एवढंच म्हटलं होतं आणि मागचे चार जण हसले होते. ऑनलाइन मागवता येतं, माहितीये, पण इथे उभं राहून दुसरे लोक काय मागतात ते ऐकलं तरी शिकायला मिळतं. आर्डुइनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड) घ्यायचा असेल तर स्वस्तातला कॉपी बोर्डही चालतो, फक्त त्यावर बऱ्याचदा सीएच३४० नावाची चिप असते आणि तिचा ड्रायव्हर टाकल्याशिवाय काही लॅपटॉप त्याला ओळखतच नाहीत, मग पोरं बोर्ड खराब आहे म्हणून परत करायला जातात. पैसे नसतील तर आधी टिंकरकॅडवर करा, ब्राउझरमध्येच सर्किट जोडता येतं, फुकट आहे आणि काही जळत नाही.

आता घरी येऊन एकच काम, एक एलईडी पेटवा. पण रेझिस्टर कितीचा ते आधी काढा. ५ व्होल्ट सप्लाय, लाल एलईडी साधारण २ व्होल्ट खाते, उरले ३. आपल्याला समजा १५ मिलीअँपिअर हवेत, ३ भागिले ०.०१५ म्हणजे २०० ओहम, त्याच्या जवळचा सहज मिळणारा २२०, रंग लाल-लाल-तपकिरी. हे एवढं गणित ज्याला जमतं त्याला बीईईचं (बेसिक इलेक्ट्रिकलचं) पुस्तक परकं वाटत नाही. फक्त हे आकडे ५ व्होल्टचे आहेत, ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावायची असेल तर परत मांडा, ४७० ओहम लागेल.

एलईडी पेटणार नाही. खरंच सांगतो, पहिल्या वेळी बहुतेकांची पेटत नाही, आणि हीच खरी प्रॅक्टिकलची सुरुवात. घाबरून सगळं उपटून परत लावू नका, तसं केलंत तर चूक काय होती ते कधीच कळत नाही. ओळीने बघा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून सप्लाय येतोय का ते बघा. मग ब्रेडबोर्डवर जिथे वायर लावलीये तिथे तोच व्होल्टेज आहे का. मग एलईडी उलटी तर नाही, लांब पाय प्लसला. मग रेझिस्टरचे दोन्ही पाय एकाच ओळीत तर नाही घातले, कारण पाच भोकांची ओळ आतून जोडलेली असते, तसं झालं तर रेझिस्टर असून नसल्यासारखा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. माझे दोन तास गेले होते ते एका वेगळ्याच कारणाने, काही ब्रेडबोर्डच्या कडेच्या लांब पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात, लाल रेघ नीट बघितली तर तिथे गॅप दिसते. मी एका अर्ध्यावर सप्लाय दिला होता आणि दुसऱ्या अर्ध्यावर एलईडी लावली होती. आजसुद्धा नवीन बोर्ड हातात आला की मी आधी मीटरच्या बीपवर ती पट्टी तपासतो.

दोन सूचना. मीटर अँपिअरच्या सेटिंगवर ठेवून थेट बॅटरीला लावू नका, फ्यूज उडतो. आणि घरच्या २३० व्होल्टच्या प्लगशी पहिल्या वर्षात अजिबात खेळायचं नाही.

कोडिंग

क्लास लावायची गरज नाही, असं माझं मत. कॉलेजात जी भाषा आहे, सी असो की पायथन, तीच नीट करा. सी मध्ये फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचा प्रोग्रॅम लिहा, फॉर्म्युल्याच्या सुरुवातीलाच सरळ ५/९ लिहा, म्हणजे ५/९*(एफ-३२), आणि रन करा. काहीही टाका, उत्तर शून्य. का? कारण दोन्ही पूर्णांक आहेत, सी अपूर्णांक फेकून देतं, ५ भागिले ९ म्हणजे त्याच्यासाठी ० आणि शून्याला कशानेही गुणा. ५.० लिहिलं की चालतं. हे चॅटजीपीटीला विचारलंत तर दोन सेकंदांत सांगेल, मी नको म्हणत नाही, मीही वापरतो, पण आधी वीस मिनिटं कागदावर ओळ न् ओळ चालवून बघा, कुठल्या ओळीला आकडा बिघडला ते स्वतः शोधा, मग विचारा. आधीच विचारलंत तर तुमचं उत्तर बरोबर येईल आणि वायवाला (तोंडी परीक्षेला) तोंड बंद.

गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) अकाउंट काढा आणि प्रत्येक प्रॅक्टिकलचा कोड तिथे ठेवत जा. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' अशा फायली पेनड्राइव्हवर घेऊन फिरणं तरी थांबेल.

जर्नल आणि रीडिंग

रीडिंग बनवू नका. ओहमच्या नियमाचा ग्राफ पट्टीने मारल्यासारखा सरळ आला की प्रोफेसरलाही कळतं की उत्तरावरून आकडे काढलेत. खरे आकडे थोडे इकडेतिकडे असतातच. घरी येऊन ते एक्सेलमध्ये टाका आणि चार्ट काढताना 'लाइन' नाही, 'स्कॅटर' निवडा, लाइन चार्ट आडव्या अक्षावरचे आकडे सारख्या अंतरावर मांडतो आणि उतार चुकतो. मग ट्रेंडलाइन, म्हणजे ठिपक्यांमधून जाणारी सरळ रेघ. ऑफिसमध्ये माझं रोजचं निम्मं काम एक्सेलवर चालतं, आणि हे कॉलेजात कुणी धड शिकवलं नाही.

इंग्रजी आणि वायवा, मराठी मीडियमवाल्यांसाठी खास

हा भाग मनापासून लिहितोय. पहिल्या वायवाला एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) विचारलं "व्हॉट इज मोमेंट?" आणि मला उत्तर माहीत होतं, पूर्ण माहीत होतं, दरवाजा कडी जवळून ढकलला तर सोपा आणि बिजागरीजवळून ढकलला तर जड, पण ते इंग्रजीत मांडताच येईना. मी "सर, फोर्स... डिस्टन्स..." करून गप्प. बाहेर येऊन रडलो नाही पण वडापाव पण गेला नाही घशाखाली.

नंतर जे केलं ते सांगतो. प्रत्येक प्रॅक्टिकल झालं की त्याच संध्याकाळी पाच वाक्यं इंग्रजीत लिहायची. काय केलं, का केलं, काय मोजलं, काय आलं, काय चुकलं. मोडकंतोडकं चालेल. मग ती न बघता मोठ्याने बोलायची, मी बदलापूर स्टेशनवरून घरी चालत जाताना बोलायचो, लोकांना वाटायचं फोनवर बोलतोय. दीड-दोन महिन्यांत फरक पडतो. आणि विषयच कळत नसेल तर आधी मराठीत समजून घ्या, त्यात लाज कसली, आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, बरेचसे मराठी आवाजात, फुकट. त्यानंतर एनपीटीईएल (आयआयटीच्या प्रोफेसरांची ऑनलाइन लेक्चर्स).

वायवाला येत नसेल तर गोल गोल फिरवू नका. "सर, हे मला माहीत नाही, पण आम्ही प्रॅक्टिकलमध्ये असं बघितलं होतं" असं म्हणून जे केलंय तिथे घेऊन या. स्वतः केलं असेल तरच हे जमतं अर्थात. आणि लॅबच्या काकांशी नीट वागा, कुठली किट बंद आहे ते फक्त त्यांनाच माहीत असतं.

मेल, रेझ्युमे, कमिटी

हे पटकन. मेलला सब्जेक्ट लिहा, पहिल्या ओळीत नाव-डिव्हिजन-रोल नंबर, दुसऱ्यात काय हवंय, फाइल जोडलीये का ते पाठवण्याआधी बघा. रेझ्युमे एकच पान, आत्ता अर्धं रिकामं असलं तरी चालेल, फक्त त्यात 'हार्डवर्किंग' वगैरे भरू नका, केलेल्या गोष्टी लिहा.

कमिटी एकच धरा. टेक्निकल टीम असेल, गाडी किंवा रोबोट बनवणारी, तर पहिल्या वर्षी तुम्हाला फक्त स्क्रू घट्ट करायला आणि चहा आणायला ठेवतील, तरी थांबा, बघून बघून खूप कळतं. फेस्टची स्पॉन्सरशिप मागायला दुकानं फिरलात तर अनोळखी माणसाशी बोलायची भीड चेपते. पण तीन-तीन कमिट्या घेऊन एम-वन (पहिल्या सेमचं गणित) आणि मेकॅनिक्सला केटी लावून घेऊ नका, म्हणजे नापास होऊन विषय मागे ठेवू नका. केटी लागली तर जग बुडत नाही, फक्त पुढच्या सेमला काढून टाका, कारण लाइव्ह (न सुटलेली) केटी असली की बऱ्याच कंपन्या प्लेसमेंटला बसूच देत नाहीत.

आणि पैसे देऊन इंटर्नशिप करू नका. मी पहिल्या वर्षाच्या सुट्टीत एका ठिकाणी पैसे भरले, त्यांनी चार व्हिडिओ पाठवले, पंधरा दिवसांनी सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट आलं. पहिल्या इंटरव्ह्यूला समोरच्याने विचारलं, यात तुम्ही काय केलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्याने कागद हळूच बाजूला सरकवला.

सुट्टीत काय

त्यापेक्षा घरातली एक कटकट उचला आणि ती सोडवा. आमच्याकडे पाणी वेळीअवेळी यायचं आणि गच्चीतली टाकी वाहून जायची. लॅमिंग्टन रोडच्या त्याच सामानातून मी अलार्म केला. दोन वायरी टाकीत वरच्या कडेला सोडल्या. एक बॅटरीच्या प्लसला, दुसरी १ के च्या रेझिस्टरमधून बीसी५४७ च्या बेसला (ट्रान्झिस्टरचे तीन पाय, बेस, एमिटर, कलेक्टर, त्यातला एक), एमिटर बॅटरीच्या मायनसला, बझर प्लस आणि कलेक्टर यांच्या मध्ये. पाणी दोन्ही वायरींना टेकलं की त्यातून बारीकसा करंट बेसला जातो, ट्रान्झिस्टर चालू होतो आणि बझर कोकलतो. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. मी पहिल्यांदा उलटा लावला होता, हे आता सांगायला नको.

महिनाभर मस्त चाललं. मग एक दिवस टाकी वाहिली आणि बझर गप्प. बॅटरी बघितली, ठीक. ट्रान्झिस्टर बदलला, तरी गप्प. पाण्याऐवजी दोन वायरी एकमेकींना टेकवल्या, वाजला, म्हणजे सर्किट बरोबर आणि घोळ टाकीत. वर चढून बघतो तर तांब्याच्या टोकांवर हिरवट थर जमलेला, डीसी करंट पाण्यातून सतत गेला की तांबं असं खराब होतं. तांब्याच्या जागी स्टील लावलं तेव्हापासून ठीक आहे. सोल्डर स्टीलला धरेना म्हणून भोक पाडून स्क्रूने वायर आवळली. ते स्टील मी कुठून आणलं ते घरी अजून सांगितलेलं नाही, आई अधूनमधून विचारते, सेटमधले दोन चमचे कमी कसे झाले.